उजवीकडे सर, डावीकडे बाबा

सरच्या मांग उभं राहून सरची नक्कल करनं सोपं असते. आपन नक्कल करून राह्यलो अन् सर आपल्या मांग उभे आहेत, हे कठीन. माह्यासंगं दुसरं झालं, अन् तेही शाळेच्या दुसऱ्याच दिवशी.

पहिले शाळा कोनती ते सांगतो. आमच्या रिठदहून रिसोडकडे जातानी एक बंद पडलेलं जिनिंग आहे. कापसाच्या गाड्या उभ्या राहाव्या म्हनून कोन्या मालकानं तिथं आवारभर जाड डांबर टाकलं होतं. कापूस गेला, मालक गेला, डांबर राहून गेलं. त्या आवारात मोटरसायकल रेसिंगची सहा दिवसाची शाळा लागनार असा निरोप मोबाईलवर आला, तवा मले वाटलं कोनी मजाक करून राह्यलं. मजाक नव्हती. सर आमच्याच जिल्ह्याचे. जवानीत दक्षिनेतल्या मोठ्या ट्रॅकवर गाड्या पळवल्या, तिथंच डावा पाय मोडून घेतला, त्यात रॉड टाकला, अन् वापस आले. त्याइनं आवारात फक्कीनं ट्रॅक आखला, कबड्डीचं मैदान आखतात तसा. वळनावर पोलीसवाले रोडवर ठेवतात तशा प्लास्टिकच्या नारिंगी टोप्या ठेवल्या. तीन गाड्या, तीन चामड्याचे सूट, अन् शिकनारे आमी सहा जन. म्हनजे मले सूट भेटे तवा तो आतून दुसऱ्याच्या घामानं गरम असे.

सरनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं का शेवटच्या दिवशी जो अठ्ठेचाळीस सेकंदाच्या आत चक्कर मारीन त्याले ते पत्र देतीन. ते पत्र घेऊन दक्षिनेतल्या खऱ्या ट्रॅकच्या शाळेत महिनाभर शिकाले जाता येते. ते पत्र मले पाह्यजे होतं. पाह्यजे म्हनजे असं, का गावात माही ओळख नकल्या. लग्नात, गनपतीत, तेरवीच्या पंगतीत बी मले लोक बोलावतात अन् म्हनतात, सरपंचाचा आवाज काढ, कंडक्टरचा काढ, ग्रामसेवकाची चाल करून दाखव. बारावीपर्यंत मास्तरानं मले जेवढं मारलं ते सगळं दुसऱ्याच्या आवाजासाठी मारलं. मले एक गोष्ट अशी पाह्यजे होती का जी मी केली अन् ती माहीच आहे.

बाबाले या शाळेचं काही पटलं नव्हतं. आमची वांगे, पालक, सांबाराची वाडी आहे. सांबार म्हनजे कोथिंबीर. रोज सकाळी बाबा मोटरसायकलवर जुड्या घेऊन वाशीमच्या रोडनं निघतात, मी मांग पोतं धरून बसतो, अन् आमी रस्त्यावरच्या हॉटेलाइले माल देत जातो. बाबाचं म्हननं असं, का जी गाडी निंघते अन् तिथंच वापस येते, काही नेत नाही का आनत नाही, ती चालवाले शिकाचं कायले. पन नऊ वाजेच्या आत आपलं काम होते म्हनून जाऊ देलं.

पहिल्या दिवशी माही चक्कर एकसष्ट सेकंदाची झाली. मी गाडीवर खांबासारखा बसलो होतो. जवा जवा गाडी चालवली तवा मांग पोतं घेऊनच, वाकलो तं जुड्या पडतात हे अंगात भिनलेलं. अन् नजर समोरच्या चाकापुढं दोन हातावर. सरनं गाडी थांबवली अन् म्हनलं, "काय शोधून राह्यला?"

मी म्हनलं, "काही नाही सर. खड्डे."

"माह्या ट्रॅकवर?"

आमच्या रोडवर इतके वर्षं खड्डे चुकवल्यावर नजर वर उचलाले लय जड जाते. सर म्हने, वळन संपते तिथं पाहा, गाडी तिथंच जाते. ब्रेक वळनाच्या पहिले मारा, वळनात नाही. ज्या बाजूनं वळता त्या बाजूचा गुडघा उघडा, अर्धं ढुंगन सीटच्या बाहेर काढा, डोकं आरशाच्या जागी न्या. मंग त्याइनं स्वतः चक्कर मारून दाखवली. मी सगळं ऐकलं अन् पुन्हा एकसष्टमधेच आलो. रिसोडचा एक पोट्टा होता, स्वतःचं चामड्याचं जॅकेट घेऊन आलेला, तो बावनमधे आला. त्यानं हेल्मेट काढून केसाइवर हात फिरवला. मले त्या हाताचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी सगळ्याइले सर करून दाखवले. सर बोलाच्या पहिले घसा खाकरतात, मंग कमरेवर हात ठेवतात, मंग एक भुवई उचलून म्हनतात, "हे पाहा राजेहो." मी खाकरलो, हात ठेवला, भुवई उचलली. पोट्टे हसून हसून लाल. मंग एकदम सगळ्याइनं माना खाली घातल्या. जॅकेटवाला तं चहाच्या कपात पाहाले लागला. अन् माह्या मांगून खरं खाकरनं आलं.

मले वाटलं, आता घरी जा म्हनतात. सर म्हनले, "पुरी कर नक्कल."

मी केली. सरनं हात मांग बांधून पाह्यली, अन् म्हनले, "आता हेच गाडीवर बसून कर."

मी सूट चढवला, गाडीवर बसलो, अन् सर झालो. सरसारखं डोकं पुढं नेलं, सरसारखी नजर लांब टाकली. माही अजून एक सवय आहे, हेल्मेटाच्या आत तोंडानं गाडीचा आवाज काढतो. इंजिन जसं ओरडते तसं मी ओरडतो, अन् माहा आवाज फाटाले लागला का गिअर बदलवतो. तसं केलं. चक्कर झाली, सरनं घड्याळ दाखवलं. त्रेपन.

एका रात्रीतून आठ सेकंद कुठं गेले हे मले बी समजलं नाही. तिसऱ्या, चवथ्या दिवशी मी खाता-पिता सर होतो. मायनं जेवाले बोलावलं तं मी खाकरून, कमरेवर हात ठेवून, "हे पाहा राजेहो, भाजीत मीठ कमी आहे," म्हनलं. मायनं लाटनं दाखवलं. टाइम पन्नासवर आला. पन तिथंच अडकला. उजव्या वळनावर गाडी अशी जाये का मलेच मजा ये. डाव्या वळनावर ती दरवेळी बाहेर जाऊन फक्की उडवे. पाचव्या दिवशी संध्याकाळपर्यंत माहे टायर पांढरे झाले होते, अन् पत्राले एक दिवस राह्यला होता.

मंग सरनं जॅकेटवाल्याले माहा व्हिडिओ काढाले लावला. पोट्ट्यानं उजवं वळन काढलं, डावं काढलं. सरनं फोन हातात घेऊन डावं वळन एकदा पाह्यलं. पुन्हा पाह्यलं. तिसऱ्यांदा पाह्यलं अन् फोन वापस देऊन टाकला.

"तुह्या पायात रॉड टाकला का कोनी?"

"नाही सर."

"मंग गुडघा काहून नाही उघडत?"

मी व्हिडिओ पाह्यला. डाव्या वळनावर माहा गुडघा टाकीले चिकटून बसलेला, अन् खांदा वर. सरचा डावा गुडघा उघडत नाही, म्हनून ते खांदा उचलून काम भागवतात. मी त्याइचं उजवं घेतलं, नजर घेतली, अन् संगं त्याइचा मोडका पाय बी उचलून आनला. चांगला नकल्या काही सोडत नाही.

सर हसले नाही. म्हनले, "मले बी माहीत नव्हतं का मी असा दिसतो." मंग फक्कीच्या पोत्यावर बसले, पाय लांब केला अन् म्हनले, "माहा चांगला भाग ने. हा पाय माह्याजवळ राहू दे. डाव्या बाजूले दुसरा कोनी शोध."

मी तिथंच जॅकेटवाल्याचं डावं करून पाह्यलं. त्याचं डावं असं का वळता वळता तो कोनी व्हिडिओ काढून राह्यलं का ते पाह्यते. मी तसं पाह्यलं अन् सरळ जिनिंगच्या भिंतीकडे गेलो.

शेवटच्या दिवशी सकाळी बाबाच्या मांग पोतं धरून बसलो होतो. डोक्यात डावं वळन. पहिलं हॉटेल आलं. आमी हॉटेलाइवर गाडी थांबवत नाही, पोतं जड असते, थांबवली तं गाडी पुन्हा काढाले त्रास. बाबा चालत्या गाडीवरून जुडी देतात. हॉटेल लांब असतानीच त्याइनं गाडी कमी केली. नजर आलुबोंड्याच्या टेबलावर. टाकीवर जुड्याइचं गाठोडं असते, त्यानं डावा गुडघा बाहेर काढल्याशिवाय वाकताच येत नाही, म्हनून गुडघा बाहेर. अर्धं ढुंगन सीटच्या बाहेर. डोकं आरशाच्या खाली. जुडी टेबलावर. मंग हळूहळू गॅस, झटका देला तं मांगच्या जुड्या जातात.

माह्या हातून पोतं सुटता सुटता राह्यलं. घरी टाकीच्या जागी उशी घेऊन, मायले हसवाले, बाबाची ही नक्कल मी शंभरदा केलती.

"बाबा, पुढच्या हॉटेलवर अजून वाका बरं."

"काहून बे?"

"असंच."

"असंच कोनी वाकते का?" म्हनले, पन वाकले. सहा हॉटेल झाले. मी सहाही पाठ केले.

टेस्टले सगळ्याइले तीन-तीन चकरा होत्या. जॅकेटवाला सत्तेचाळीसमधे आला अन् त्यानं केसाइवर हात फिरवला. माही पाळी आली तवा बाबा गेटवर गाडी लावून उभे दिसले. मिरचीचं रोप लावाले मी पाह्यजे होतो, म्हनून न्यायले आलते.

पहिली चक्कर सवयीनं सरच राह्यलो, दोन्हीकडे. एकोनपन्नास. दुसऱ्या चकरीत डावं वळन आलं अन् मी बाबा झालो. नजर लांब, गॅस पहिले कमी, गुडघा बाहेर, गाडी अशी आत शिरली का मले हेल्मेटात हसू आलं. अन् हसता हसता माहा डावा हात हँडल सोडून खाली गेला अन् त्यानं नारिंगी टोपीवर अलगद एक जुडी ठेवली. जुडी नव्हती, पन ठेवली. टोपी आडवी झाली. सरचा आवाज मले हेल्मेटातून ऐकू आला. टोपीले हात लागला म्हनजे चक्कर बाद.

तिसरी राह्यली. मी हँडल असं धरलं का बोटं पांढरी पडली. उजवीकडे सर, डावीकडे बाबा, फक्त सांबार द्यायचं नाही. तोंडानं इंजिन, कानात इंजिन. फक्कीची रेघ पार केली अन् थांबलो, तं सर घड्याळ पाहून राह्यले होते अन् बाबा गेटवरून आत चालत आलते.

बाबानं सरले इचारलं, "हे माह्यासारखं काहून करून राह्यलं?"

सरनं त्याइले वरून खाली पाह्यलं. "तुमी कुठं शिकले हे?"

"कोनतं?"

"हे लटकनं."

"सांबार देतानी," बाबा म्हनले, अन् त्याइले वाटलं आपलं काही चुकलं.

सत्तेचाळीस अन् थोडं वर. पत्र लिवता लिवता सर मले म्हनले, "उजवं माहं, डावं याइचं. तुहं काय आहे यात?" मी हेल्मेटातला इंजिनाचा आवाज काढून दाखवला, गिअरसकट. जॅकेटवाला बी हसला. सरनं पत्रात काय लिवलं ते मी अजून कोनाले दाखवलं नाही.

पन पत्र भेटलं म्हनजे जानं झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या हॉटेलवर बाबा वाकले अन् जुडी टेबलाच्या खाली गेली. दुसऱ्यावर बोर्डाले लागली. तिसऱ्यावर त्याइनं गाडी थांबवली अन् उतरून जुडी देली, जसं पावनं आलं. इतके वर्षं ते वाकत होते, पन आपन कसे वाकतो तिकडे त्याइचं ध्यान नव्हतं. आता ध्यान गेलं होतं. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी मायनं सांगून टाकलं का तू याइले बिघडवलं, आता हे सुधरल्याशिवाय तू कुठंच जात नाही.

मी पुढं बसून दाखवलं. बाबा मांग पोतं धरून होते, माह्या पाठीकडे बारीक पाहून राह्यले होते. मी वाकलो, जुडी बरोबर टेबलावर ठेवली. बाबा म्हनले, "एवढा नाही वाकत मी."

मंग ते पुढं बसले, अन् अजूनच खराब. गुडघा पाहून राह्यले, हात पाहून राह्यले, टेबल सोडून सगळं पाहून राह्यले. पुढच्या हॉटेलचा मालक मोठा कटकटी आहे, रोज उशीर झाला म्हनते, झाला असो का नसो. ते हॉटेल अजून लांब होतं, तवाच मी बाबाच्या कानामांग त्याचा आवाज काढला, नाकातून, "आज बी उशीर? सकाळचा सांबार दुपारी आनाचा का आता?"

बाबाचं डोकं वर झालं. नजर सरळ टेबलावर. "याच्या मायले याच्या," म्हनले, अन् वाकले, गुडघा बाहेर, डोकं आरशाच्या खाली, अन् जुडी टेबलावर अशी आदळली का आलुबोंड्याच्या परातीवरचं झाकन उडालं. मालक आतून पळत आला. तो त्या दिवशी अजून काहीच बोलला नव्हता.