सुधीरची सहावी घंटा

मेधाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मेधा सुधीरची बायको. रडली नाही, एवढंच म्हणाली, "ट्रेडमिलवर कोसळला गं... गेला." बेचाळीस हे काय जायचं वय आहे? दोन महिने झाले, माझा राग अजून जागचा हलत नाही. आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

सुधीरची नि माझी ओळख नागपूरच्या कॉलेजपासूनची. अमेरिकेत येण्याआधी तो चार वर्षं इंग्लंडमध्ये, श्रूजबरी शहराजवळच्या एका खेड्यात राहिला. चाळीसेक घरं, एक जुनं चर्च, त्याच्या मनोऱ्यात सहा घंटा. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या या घंटा आकड्यांच्या हिशेबानं वाजवत आलीत. एकेकाच्या हाती एकेका घंटेची दोरी, दर फेरीला क्रम बदलायचा, आणि सगळं तोंडपाठ. आमच्या गणितवेड्याला आणखी काय हवं! आर्थर नावाच्या म्हाताऱ्या सुतारानं त्याला शिकवलं. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या श्रूजबरीत नोकरी लागली, तर गावाचं नाव तेच म्हणून पठ्ठ्या खूश. इथे बेसमेंटच्या तुळईला दोरी बांधून सराव करायचा. शेजारी काय म्हणत असतील, देव जाणे!

२००५ साली गावानं तडकलेली सहावी घंटा नव्यानं ओतून घेतली. सुधीर तिथे असताना वाजवायचा तीच. आर्थरचं पत्र आलं, पहिल्यांदा वाजवायला तूच ये, आम्ही थांबतो. यानं तिकीट काढलं. ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला, पण वकिलानं प्रवासाची परवानगी काढून दिली होती, खुशाल जा म्हणाला होता. तरी सुधीरनं मला विचारलंच. आपल्या लोकांची ही खोडच आहे, वकिलापेक्षा ज्याचं कार्ड आधी आलं त्याच्यावर विश्वास जास्त, आणि माझं आलेलं होतं.

"अगं, दहा दिवसांचं तर काम आहे."

"वेडा आहेस का? परत येताना एअरपोर्टवर अडवलं तर? एका घंटेपायी पोरीचं आयुष्य टांगणीला लावतोस? कार्ड येऊ दे, मग जा की."

त्यानं तिकीट कॅन्सल केलं. मला केवढं शहाणं वाटलं तेव्हा! घंटा दुसऱ्याच कुणी वाजवली. आर्थर त्याच हिवाळ्यात वारला. सुधीर मला एका शब्दानं बोलला नाही... बोलला असता तर बरं झालं असतं. बेसमेंटमधली दोरी मात्र त्यानं सोडून टाकली.

कार्ड आलंच नाही. आता कहर म्हणजे अर्ज त्याच्या नावावर होता, तो गेला, म्हणून मेधाचा आणि लेकीचा, अनूचाही अर्ज बाद. सात वर्षं मुकाट थांबलेल्या माणसाच्या बायकोला नि मुलीला सांगतात, गाशा गुंडाळा. आग लागो त्या नियमांना!

परवा दोघींना बॉस्टनच्या विमानतळावर सोडलं. नागपूरला जाताना त्या आधी त्या खेड्यात उतरणार आहेत. येत्या रविवारी गाव सुधीरसाठी घंटा वाजवणार आहे. सवयीनं माझ्या तोंडून गेलंच, "कागद सगळे घेतलेस ना गं? येताना उगाच कुणी अडवायला नको..."

मेधानं माझ्याकडे बघितलं.

"आम्हाला कुठं परत यायचंय आता?" म्हणाली, आणि अनूचा हात धरून आत गेली.