डिकीच्या पत्र्यावर दोनदा टक टक

भूतखेत असलं काही मी मानत नाही. वीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय. करंट असतो नाहीतर नसतो, अधलंमधलं काही नाही! तरी हे लिहितोय, कारण आता राहवत नाही.

कासारसाईला धरणाच्या रस्त्यावर काकींचं घर आहे. त्यांचे मालक सोपानकाका माझे उस्ताद, त्यांच्याच हाताखाली मी शिकलो. मागच्या वर्षी ते गेले. त्यांची जुनी स्टेशन वॅगन अंगणातच असते. लेकीच्या बाळाच्या बारशाला काकी मुलासोबत ताम्हिणी घाटातून माणगावला निघणार होत्या आणि ऐन वेळी डिकीवरचा ब्रेक लाइट बंद. वर फ्यूज सारखा उडतोय.

डिकी उघडून-मिटून आतल्या वायरी तुटतात, नेहमीचंच दुखणं. मी त्या जोडल्या. तरी फ्यूज उडाला. नव्या फ्यूजसाठी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कोण मरणार... फ्यूजच्या जागी कधीच न उडणारी तांब्याची तार बसवली. काका असते तर कानाखाली काढली असती.

पुढे बसून ब्रेक दाबला आणि जुन्या सवयीनं ओरडलो, "लागला का?" पूर्वी मी ब्रेक दाबायचो आणि काका मागून पत्रा वाजवायचे — एकदा वाजला की ठीक, दोनदा वाजला की परत उघड.

टक टक.

उतरून मागे गेलो. कुणीच नाही. पेडलला काठी लावून बघितलं, लाइट लख्ख. परत येऊन बसलो, ब्रेक दाबला.

टक टक.

आईशप्पथ सांगतो, सकाळचे दहा, कडक ऊन... तरी अंगावर सर्रकन काटा आला.

डिकीची आतली पट्टी उघडली. दुसरीच एक वायर पत्र्याला घासून सोललेली, प्लास्टिक वितळून काळं. बाळासाठी न्यायच्या काकींच्या गोधड्या तिलाच टेकून ठेवायच्या होत्या. घाटात गाडी पेटली असती, माझ्या त्या तारेपायी!

मुकाट हिंजवडीला जाऊन फ्यूज आणला, वायर बदलली. मग ओटीवर गोधड्या बांधत बसलेल्या काकींना सगळं सांगितलं. सांगताना रडूच आलं.

काकी गाडीकडं बघत राहिल्या. "आरं, मी सकाळधरनं हितंच बसलीया. मला कसं न्हाई ऐकू आलं?"

मी फडक्यानं हात पुसू लागलो.

"साल झालं... येकदा तरी मला आवाज द्यायचा व्हता त्यांनी."

म्हटलं, "काकी, इंजिन चालू होतं, त्या आवाजात नसेल आलं."

इंजिन बंद होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. पत्रा कुणी वाजवला आणि तो मलाच का ऐकू आला, हे मला आजही सांगता येत नाही.