खाटेवरून दिसणारा चंद्र

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, जमीन कळते आणि आभाळ कळतं. मधल्या जगाशी त्यांना देणंघेणं नाही. धंदा फरश्या बसवण्याचा. दिवसभर गुडघ्यांवर बसून दोरी लावायची, लेव्हल बघायची, एखादी फरशी केसभर वर आली तर उखडून पुन्हा बसवायची. आणि नाद ताऱ्यांचे फोटो काढण्याचा. त्यासाठी फोनवर एक ॲप आहे. कुठल्या रात्री चंद्र नाही, आकाशगंगा कुठून वर येईल, कॅमेरा कुठे मांडायचा, सगळं ते आधीच सांगतं. लग्नाची तारीख काढतानासुद्धा यांनी एवढा विचार केला नव्हता, असं ताई म्हणते. तरी दर वेळी थर्मास आणि टॉर्च घेऊन सोबत तीच जायची.

मग ताई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण ती हॉस्पिटलच्या खाटेवरून उतरेना. वॉकर शेजारी, व्यायाम घेणाऱ्या बाई हात पुढे करून उभ्या, आणि ही उशी कवटाळून बसलेली. मला सायकल शिकवणारी माझी ताई! डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "आता उभ्या राहिल्या नाहीत तर पुढे चालणं कठीण आहे." मी आत येऊन तिच्यावर डाफरले. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

भाऊजी डाफरले नाहीत. त्यांनी ॲप उघडलं.

"पौर्णिमेचा चंद्र हिच्या खिडकीतच दाखवतो," ते म्हणाले. "हिला उठायलाच नको."

मी कपाळावर हात मारला. बाई उठावी म्हणून आम्ही जिवाचं रान करतोय, आणि हा गृहस्थ तिची न उठण्याची सोय करतोय!

पण एकदा मनात आलं की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. ताईच्या डोळ्यांची जागा नेमकी हवी म्हणून तिला बाजूला सरकवून त्यांनी स्वतः उशीवर डोकं टेकलं आणि हात हलू नये म्हणून फोन खाटेच्या कठड्याला टेकवला. फोनच्या पडद्यावर खिडकी दिसत होती आणि तिच्यावर चंद्राची वाट रेघेने उमटली होती, पाण्याच्या टाकीशेजारून वर, बरोबर मधल्या तावदानात. सिस्टरना विचारून त्यांनी खाट वीतभर सरकवली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी त्यांनी कॅमेऱ्याची तिपाई मांडली, दिवा मालवला. ताईनेही केस विंचरले होते, कितीतरी दिवसांनी. आम्ही तिघं खिडकीकडे डोळे लावून बसलो. टाकी दिसली, टाकीवरचे कावळे दिसले. चंद्राचा पत्ता नाही.

"ढग असतील," मी म्हणाले. मलाच त्यांची दया आली.

"आभाळ स्वच्छ आहे." भाऊजींनी फोन कठड्यापासून लांब नेला, तशी रेघ सर्रकन सरकली आणि भिंतीत शिरली. ते फोनकडे बघत राहिले, मग खाटेकडे. "लोखंड," ते म्हणाले. "खाट लोखंडाची. फोनमधलं होकायंत्र फसलं. गाडीच्या टपावर मी कधी फोन ठेवत नाही, आणि इथे...."

तेवढ्यात सिस्टर दारातून डोकावल्या. "अहो, अंधारात काय बसलात? पॅसेजच्या टोकाच्या खिडकीत बघा, काय सुंदर चंद्र आलाय!"

भाऊजी गेले नाहीत. ते तिपाई मिटायला लागले. "हिला नाही दिसणार, तर मला काय करायचाय," ते म्हणाले. या माणसाच्या डोळ्यांत मी आधी कधी पाणी पाहिलं नव्हतं.

"सावकाश मिटा, बोट चेमटेल," ताई म्हणाली. मग तिने पांघरूण बाजूला सारलं. "तो वॉकर द्या इकडे. आणि तू बघत काय राहिलीस? धर मला."

पॅसेज लांबलचक होता. ती थरथरत होती, घामाघूम झाली होती, मध्ये थांबून मला दोन शिव्याही देऊन झाल्या. पण पोहोचली. खिडकीची चौकट धरून तिने चंद्र पाहिला, पोटभर पाहिला.

"फोटो काढा की," ती म्हणाली.

कॅमेरा खोलीतच राहिला होता. चंद्रही आता वरच्या छज्ज्याआड चालला होता.

"उद्या काढू," भाऊजी म्हणाले. "उद्या थोडा उशिरा उगवेल." मग जरा घाबरतच त्यांनी विचारलं, "येशील?"

ताईने पायांकडे पाहिलं.

"येताना माझ्या चपला आणा. फरशी गार लागते."