गिटारवरचं बेलचं बटण

माझ्या वडिलांची इलेक्ट्रिक गिटार राखाडी रंगाची होती. गिटारला असा रंग कोणी देत नाही. तो मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यातल्या पंपांचा रंग होता आणि वडील तिथे फिटर होते. कारखान्याच्या कॉलनीत आमच्या ओळीतल्या सायकली, खाटा, पाण्याची पिंपं, एका शेजाऱ्याच्या घरचा पाळणासुद्धा त्याच रंगाचा. डब्याच्या तळाशी उरलेला रंग फेकायचा नाही, अशी फिटर लोकांची रीत होती. घरातली कुठलीही दुरुस्ती झाली की शेवटी त्यावर राखाडी ब्रश फिरायचा, आणि मग ते काम पुरं झालं असं धरायचं.

ती गिटार मुळात आमची नव्हती. कर्जतच्या रेल्वे कॉलनीत घाटात गाड्या चढवणाऱ्या इंजिनांचे ड्रायव्हर राहायचे. त्यांतलं एक ख्रिस्ती कुटुंब, मी तीन-चार वर्षांची असताना, कायमचं परदेशी निघालं आणि त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं. वडील लोखंडी खाट बघायला गेले होते. आले ते गिटार घेऊन. आई त्यावर काय बोलली ते मला कोणी सांगितलेलं नाही, पण पुढची कित्येक वर्षं आम्ही जमिनीवर झोपत होतो एवढं मला पक्कं आठवतं.

गिटार आमच्याकडे आली तेव्हा धडधाकट होती, असं ऐकलंय. मग एकेक करून तिचे भाग निकामी झाले आणि वडिलांनी ते आपल्या पद्धतीने बदलले. तार पिळायची एक खुंटी तुटली, तिथे छोट्या व्हॉल्व्हचं चाक आलं. तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती झिजली, तिथे कानशीने घासलेली पितळेची पट्टी आली. आवाज कमी-जास्त करायची खुंटी खरखर करायला लागली, तर ती उपटून टाकली आणि भोकावर चहाच्या डब्याचा पत्रा ठोकला. त्याच्या शेजारी, तारांच्या जरा खाली, घराच्या दाराला असतं तसलं बेलचं पांढरं बटण बसवलं होतं. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मी गिटारवर गोधडी टाकायचे.

आमचं गाव कडावजवळ. गावच्या बौद्धवाड्यातली एक गायन पार्टी होती. माझे मामा पेटी वाजवायचे, वडील गिटार वाजवायचे आणि आई गायची. जयंतीच्या दिवसांत, लग्नात, कुठे नवीन विहार झालं की त्यांना बोलावणं यायचं. वाड्यांवर वीज नव्हती. ट्रकच्या बॅटरीवर एक छोटा अॅम्प्लिफायर चालायचा, बांबूला एक भोंगा बांधलेला असायचा, आणि आईचा माईक आणि वडिलांची गिटार दोन्ही त्या एकाच डब्यात खुपसलेले असायचे. मी समोर बायकांत बसायचे. गिटार वाजायची, मग ती थांबायची, मग आईची ओळ यायची, ओळ संपली की पुन्हा गिटार. गिटार थांबल्यावरही वडिलांचा हात हलताना दिसायचा, पण त्यांना जेवतानासुद्धा ताटाच्या काठावर ठेका धरायची सवय होती. मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात असताना वडील गेले. सकाळी ड्यूटीला निघाले होते, उंबऱ्यावर बसून चपला घालत होते, तिथेच कलंडले. दिवस झाले, माणसं येऊन गेली, आणि तीन महिन्यांत क्वार्टर खाली करायची वेळ आली. चौक गावावरून कर्जत आणि कर्जतहून गावाकडे असा एका टेंपोत आमचा संसार आला. भांड्यांच्या पोत्यांखाली गिटार होती. घरी येऊन जोडून बघितली तर नुसता घुंऽऽ आवाज, तारेचा पत्ता नाही.

आईने गाणं सोडलं होतं. कोणी आग्रह केला की ती मान हलवायची आणि उठून चुलीकडे जायची. वडिलांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला पार्टी बसणार होती, आणि बाकी कोणी नाही तर तिनेच त्यांच्यासाठी गावं असं मामांचं म्हणणं होतं. पुन्हा पुन्हा विचारल्यावर ती म्हणाली की गिटार नसेल तर तिला गाता येत नाही. मी तिथेच सांगून टाकलं की गिटार मी नीट करते. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, वाजली तर गाईन. वाड्यातल्या एक-दोन बायकांनी मला बाजूला घेऊन बजावलं की वर्षालाही गायली नाही, तर तिचा गळा कायमचा मिटेल. मलाही तीच भीती होती. वडील गेले ते गेलेच, पण आईचा आवाजही त्यांच्याबरोबर जावा हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मला नीटनेटक्या कामाचा अहंकार होता, अजून आहे. वर्गात आम्ही दोनच मुली, आणि माझं सोल्डरिंग मुलांना दाखवायला सर फिरवायचे. दुरुस्तीला घेतलेल्या प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करायची असा सरांचा दंडक होता. दोष, कारण, उपाय, असे तीन रकाने. गिटारसाठी मी तीन पानं भरली. रकाने भरताना वडिलांचा मनापासून राग येत होता. एवढा हुशार फिटर, कारखान्यात त्यांच्या हातचा सांधा कधी गळला नाही म्हणायचे, आणि घरची वस्तू म्हटली की हा असा पत्रा आणि ठोकाठोक.

आधी रंग खरवडला. राखाडी रंगाचे चार थर होते. त्यांच्याखाली मधासारखं पिवळं लाकूड निघालं, कडेकडेने काळपट लाल होत गेलेलं. इतकी सुंदर वस्तू पंपासारखी रंगवणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते मला कळेना. व्हॉल्व्हचं चाक काढलं, मुंबईहून मागवून बरोबर जोडीची खुंटी लावली. पितळेच्या पट्टीच्या जागी हाडाची आणली. पत्रा काढून आवाजाची नवीन खुंटी बसवली, टेंपोत सुटलेली एक वायर जोडली, तेव्हा तो घुंऽऽ गेला. मग बटणाकडे वळले. त्याच्या दोन वायरी कुठे जातात ते बघितलं आणि हसूच आलं. एक वायर आवाज नेणाऱ्या वायरीला, दुसरी अर्थिंगला. म्हणजे बटण दाबलं की आवाज सरळ अर्थिंगमध्ये जाणार आणि गिटार मुकी होणार. वाजवणाऱ्याला आवाज नको असेल तर त्याने हात थांबवावा, त्याला बटण कशाला? वहीत मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: दोष – अनावश्यक बटण. कारण – माहीत नाही. उपाय – काढून टाकणे.

बटण काढून स्क्रूंच्या डब्यात टाकलं. भोकात लाकडाची गुल्ली ठोकली, घासली, वर पॉलिशचे हात दिले. बोट फिरवलं तरी जागा सापडत नव्हती. या गुल्लीचं मला सगळ्यांत जास्त कौतुक होतं.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी दुपारी विहारात तालमीला बसलो. आता वाड्यात वीज आली होती, पण अॅम्प्लिफायर आणि भोंगा तेच जुने. वडिलांनी शिकवलेल्या तीन-चार कॉर्ड मला येत होत्या, तेवढ्या त्या गाण्यांना पुरतात, म्हणून गिटार मीच घेतली. मामा पेटीवर. आई पांढरं लुगडं नेसून आली, गिटारवरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, चांगली केलीस. माझी छाती फुगली.

मी सुरुवात केली. आईने अर्धी ओळ म्हटली आणि थांबली. भोंग्यात तिचा आवाज गिटारखाली दबून फाटल्यासारखा येत होता, ते मलाही ऐकू आलं. आवाजाची नवीन खुंटी अर्धी खाली केली. तरी तेच. मामांनी मला सांगितलं की ती गात असताना हात थांबव. मी थांबवला, तर ती पहिल्या दोन शब्दांवरच अडली आणि इकडेतिकडे बघायला लागली, काहीतरी हरवल्यासारखी. असं तीनदा झालं. मामांनी डोळे पुसले. सगळ्यांनी गृहीत धरलं की तिला वडिलांची आठवण दाटून येतेय.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला म्हटलं, "तुला गायचंच नसेल तर तसं सांग. महिनाभर मला कशाला राबवलंस?"

माईक चालू होता. भोंग्यातून ते सगळ्या वाड्याने ऐकलं.

माईकवर हात ठेवून आईने तो बाजूला सरकवला. मग गिटारवर वाकून, जिथे मी गुल्ली ठोकली होती बरोबर तिथे बोट ठेवून तिने विचारलं, "हितलं बटण कुठं गेलं गं?"

मी सांगितलं की ते निरुपयोगी होतं, नुसता आवाज बंद करायचं.

"लोकांचा बंद व्हायचा," आई म्हणाली. "माजा नाय. मी हितं, त्येंच्या अंगाला लागून बसायची. बटण दाबून त्ये वाजवतच असायचे. भोंग्यात माजा एकटीचा आवाज, आन् कानात त्येंची तार. त्या तारेवर मी गायची."

विजेची गिटार विजेशिवाय अगदीच मुकी नसते. तारेचा कोरडा, बारीक आवाज येतो, हातभर अंतरापर्यंत. मला हे ठाऊक होतं, पुस्तकात होतं. त्या एवढ्याशा डब्याला गिटार आणि गळा दोन्ही एकदम पेलायचे नाहीत, हेही ठाऊक असायला हवं होतं. दुसरा डबा घेणं वडिलांना परवडण्यातलं नव्हतं, आणि वाजवायचं थांबले तर आईचा सूर सुटायचा. म्हणून त्यांनी करंगळीखाली बेलचं बटण बसवलं. आईची ओळ आली की करंगळी दाबायची, आणि उरलेल्या बोटांनी फक्त तिच्यापुरतं वाजवायचं. पार्टी होती तितकी वर्षं त्यांनी हे केलं, आणि घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आईलाही सांगावंसं वाटलं नव्हतं. तिच्या दृष्टीने गिटार अशीच असते.

मला शरम वाटली. माईकवर बोलले त्याची वाटलीच, पण त्याहून जास्त वहीतल्या त्या सुवाच्य अक्षराची.

स्क्रूंच्या डब्यातून बटण शोधून काढलं. पांढरा रंग पिवळा पडला होता आणि मधोमध, करंगळी टेकते तिथे, ते घासून गुळगुळीत झालं होतं. कर्जतला नवीन मिळालं असतं. मी तेच लावलं. माझ्या त्या लाडक्या गुल्लीत ड्रिल घालताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. पॉलिशला कडेने चीर गेली ती गेलीच. नवीन खुंटी तशीच ठेवली, रंगही राखाडी केला नाही. व्हॉल्व्हचं चाक मात्र आठवड्याभरात परत आलं, कारण मुंबईची खुंटी तार धरून ठेवत नव्हती.

वर्षाच्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली आणि उन्हं कलल्यावर पार्टी बसली. आई माझ्या डाव्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. मी वाजवायला लागले. पहिल्या कडव्याला माझी करंगळी उशिरा पडली आणि आईचा पहिला शब्द गिटारखाली गेला. तिने गाणं न थांबवता माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली.

दुसऱ्या कडव्याला मी वेळेवर दाबलं. भोंग्यातली गिटार गेली आणि आईचा आवाज एकटा, मोकळा, सगळ्या वाड्यावर पसरला. माझ्या हाताखालची तार ऐकायला ती जराशी माझ्याकडे कलली. मला रडू येत होतं, पण हात चालू ठेवणं भाग होतं. समोर बसलेल्या बायकांना वाटलं असेल की गिटार थांबली. त्यांच्यात बसून इतकी वर्षं मलाही तसंच वाटत आलं होतं.