आत्याचा बिनदाण्याचा पाव

माझ्या आत्याला भेटून धक्का न बसता घरी परतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, गास गावात तिचं घर. मागे केळीची वाडी, पुढे ओटा, आणि त्या ओट्यावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला मनात येईल ते सरळ सांगून टाकते. लग्नानंतर मी नवऱ्याला तिच्या पाया पडायला नेलं, तर आशीर्वाद द्यायच्या आधी तिने त्याला तोंड उघडायला लावलं, दात पाहिले आणि मला म्हणाली, "टिकेल." शेजारचे एक गृहस्थ वारले तेव्हा ही भेटायला गेली आणि त्यांच्या बायकोला म्हणाली, "खरं सांगते, तुझा नवरा मला कधीच आवडला नाही. पण तू आवडतेस. चल, दोन घास खा." जमलेल्या बायका थिजल्या. ती बाई मात्र दहा दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि जेवलीसुद्धा.

आतोबा तिच्या अगदी उलट. दिवसाकाठी चार वाक्यं बोलणार, त्यातली तीन पावाबद्दल. सकाळी सायकलवरून पाववाला आला की दोन गरम पाव घ्यायचे आणि चहात बुडवून, डोळे मिटून खायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, साखर बंद, पाव आणि भात कमी करा. आता 'कमी' म्हणजे काय, हे आत्याला जन्मात कधी कळलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने पाववाल्याला फाटकात अडवलं. "उद्यापासून आमच्या दारात घंटी वाजवायची नाही. लांबून जा." तो बिचारा सायकलवरून पडायचाच बाकी राहिला. गहू, तांदूळ, नाचणी, सगळे डबे माळ्यावर गेले. आतोबा सकाळी नुसत्या चहात चमचा ढवळत बसू लागले. तक्रार नाही, काही नाही. आत्याला कुणी भांडलेलं चालतं, हे असं गप्प बसलेलं तिला बघवत नाही. चौथ्या दिवशी तिचा मला विरारला, फुलपाड्यातल्या माझ्या घरी फोन आला. "मी पाव करणार आहे. धान्याचा दाणा नाही, साखर नाही. रविवारी ये, उपाशी ये."

मोबाइलवर कुणा बाईने असला पाव केलेला तिने पाहिला होता. त्या बाईचं बदामाचं पीठ हिने पहिल्या फटक्यात रद्द केलं. शिंगाड्याचं पीठ, शेंगदाण्याचं कूट, खोबऱ्याचा कीस, आंबट ताक, खायचा सोडा. गोडाला वाडीतली राजेळी केळी, तीही साल काळी पडेपर्यंत पिकवलेली, शिवाय उन्हात वाळवलेली सुकेळी वाटून. पीठ फुगत ठेवायची भानगड नाही. कालवायचं आणि लगेच चढवायचं. ओव्हन नव्हता, म्हणून कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिटी काढून, आत डबा ठेवला. "आत्या, शेंगदाणा हा दाणाच ना?" मी विचारलं. "तो शेंगेत असतो, कणसात नाही," तिने मला गप्प केलं. तासाभराने डबा उपडा केला तर वरून दगड आणि मधून पळी लागेल इतका पातळ. आत्याने सुरी रोवून बघितली आणि शांतपणे निकाल दिला, "वरून किल्ला, आतून खाडी."

पुढचे पाच रविवार मी चाखायला जात होते. एका संकष्टीला मी नको म्हटलं, तर म्हणाली, "दाणा नाही त्यात, उपवासाला चालतो." मी दोन काप खाल्ले. खरंच सुरेख झाला होता, मऊ आणि खमंग. तिसऱ्याला हात घातला तेव्हा ती समाधानाने म्हणाली, "चार अंडी घातली तेव्हा कुठे असा झाला." माझा हात तिथेच राहिला. "आत्या! आज चतुर्थी!" "मग देवाला माझं नाव सांग," म्हणून तिने तो काप माझ्या हातातून काढून आतोबांच्या बशीत ठेवला.

असा महिना गेला. आतोबा रोज सकाळी चार काप खात होते, आणि आत्याने ठरवलं की हे डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. मला बरोबर घेऊन, डबा मांडीवर धरून ती दवाखान्यात पोचली. "डॉक्टर, आधी तुम्ही खा." डॉक्टरांनी दोन काप खाल्ले, आणखी एक मागून घेतला. "छान झालाय, काकू!" "आता तासाभराने तुमची साखर तपासा. मी बसते." बाहेर पेशंट खोळंबले होते, आत ही खुर्चीत घट्ट. शेवटी डॉक्टरांनी हसत हसत स्वतःच्या बोटाला सुई टोचली. यंत्रावरचा आकडा पाहिला आणि हसू मावळलं. "काकू, यात घातलंय काय?"

"साखरेचा कण नाही. तीन राजेळी, दहा सुकेळी."

"अहो, सुकेळी म्हणजे साखरच की! केळ्यातली असली तरी साखर ती साखरच. काका किती खातात?"

आत्या डब्याचं झाकण लावू लागली. इतकी वर्षं मी तिच्यापुढे दुसऱ्यांचे चेहरे पडताना बघितले होते; तिचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. रिक्षात ती डब्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. घर येईपर्यंत एकच वाक्य बोलली, "मीच चारत होते गं."

ओट्यावर आतोबा बसले होते. चपला काढायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "मी चुकले. तुमची साखर मी वाढवली."

"ठाऊक आहे," आतोबा म्हणाले. त्यांच्या मुलाने आणून दिलेल्या तसल्याच यंत्रावर ते गुपचूप तपासत होते. तीन आठवडे!

आत्याने डबा खाली ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

आतोबा पंच्याच्या टोकाशी चाळा करू लागले. मग म्हणाले, "रोज सकाळी 'कसा झालाय' म्हनून विचारत होतीस ना. तू कोनाला कधी विचारतेस? सांगतेस. मला विचारलेलं बरं वाटत होतं."

आत्याने डबा उचलला आणि ती चहा टाकायला आत गेली.

आता डॉक्टरांनी सगळं नीट मोजूनमापून बांधून दिलंय. माळ्यावरचे डबे खाली आले. पावात सुकेळी नाही, केळंही एकच. खरं सांगायचं तर तो पूर्वीसारखा लागत नाही. रोज एक पातळ काप. परवा सकाळी मी तिथेच होते. आत्याने बशी पुढे ठेवली, पदराला हात पुसला आणि विचारलं, "कसा झालाय?" आतोबा एवढासा तुकडा सावकाश चघळत राहिले. उत्तर द्यायला ते मुद्दाम वेळ लावतात. आत्याला ते कळतं. गुडघे दुखत असतात, गॅसवर चहा उतू जायला आलेला असतो, तरी ती तशीच उभी राहते.