शेततळ्यातलं भूत

कुरकुंभच्या ज्या कंपनीच्या लॅबमध्ये मी नोकरी करते, तिथं भुतांवर बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो. माझी ही मैत्रीण खुटबावची. सकाळच्या गाडीनं दौंडला उतरायची, मी स्टेशनबाहेर थांबलेली असायचे, आणि कंपनीच्या बसमध्ये बसलो की आमचं सुरू व्हायचं. तिला सगळेच भयपट आवडायचे, टुकार असले तर जास्तच. मला नुसता आवाजाचा दणका देऊन घाबरवलेलं आवडत नसे.

"हे म्हणजे दाराआडून भ्वॉक केल्यासारखं झालं," मी म्हणायचे.

"पण दचकलीस ना? मग झालं तर."

मी दौंडमध्येच वाढले. वस्तीतल्या विहारात एक छोटं वाचनालय होतं, तिथली पुस्तकं संपवता संपवता लिहायची सवय लागली. लिहिलेलं कुणाला दाखवायचं मात्र धाडस नव्हतं. पहिली गोष्ट तिला दाखवली. तिनं ती बसमध्ये मोबाइलवर वाचली आणि कुरकुंभ येईपर्यंत तोंड उघडलं नाही. उतरताना म्हणाली, "चांगली झालीय. पण तुझं भूत लई बोलतं."

ती चित्रं काढायची. लहानपणी गावातल्या सलूनमध्ये पडलेली जुनी कॉमिक्स बघून बघून शिकलेली. त्यामुळं आपण दोघींनी मिळून एक कॉमिक करावं हे ओघानंच ठरलं. मी लिहायचं, तिनं काढायचं.

गोष्ट तिलाच सुचली. तिच्या घरच्यांनी नुकतंच शेततळं केलं होतं. आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, चारही उतार गुळगुळीत. अशा तळ्यात बुडालेला एक माणूस रोज वर चढायला बघतो आणि कागदावरून घसरून परत आत जातो, एवढीच ती गोष्ट. तो कुणाला धरत नाही, झपाटत नाही. त्याला फक्त वर यायचं असतं.

"त्याचं तोंड दाखवायचं नाही," मी म्हटलं. "नुसते हात."

यावर आम्ही आठवडाभर भांडलो. तिला तोंड हवं होतं. शेवटी तिनं माझं ऐकलं.

हातांसाठी तिनं धाकट्या भावाला धरलं. आयटीआय करून तो नोकरी शोधत होता आणि तोवर शेत बघत होता. तळं तेव्हा रिकामंच होतं. तो उतारावर पालथा पडला, हात वर ताणले, बोटं कागदात रुतवली, आणि तिनं फोटो काढले. मीही त्या दिवशी तिथं होते. तो मधेच हसायचा, मग ती ओरडायची, "अरे, मेलायस तू! हसतोस काय?"

पहिली आठ पानं झाली. इतकी चांगली झाली, की माझी वाक्यं कमी करून टाकावीत असं मला वाटायला लागलं.

त्या उन्हाळ्यात तळं भरलेलं होतं. एका दुपारी मोटर पाणी ओढेना म्हणून तिचा भाऊ पाइप बघायला कडेला उतरला आणि घसरला. त्याला पोहता येत होतं. घरातली सगळी लग्नाला गेली होती. ती माझ्याबरोबर लॅबमध्ये होती. फोन आला तेव्हा तिच्या हातात काचेची नळी होती. तिनं ती नीट स्टँडमध्ये ठेवली, हातमोजे काढले, आणि मग खाली बसली.

दहाव्यानंतर मी खुटबावला गेले. ओसरीवर बायका बसलेल्या. त्यांच्यातली एक मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "असलं अभद्र काढायचंच कशाला म्हन्ते मी." मैत्रिणीनं मला आत नेलं. मग म्हणाली, "तळ्याच्या कागदावर ओरखडे होते. आपण चित्रात काढले होते तसे नव्हते. एकाच जागी होते सगळे."

मी तिचा हात धरायला गेले, तिनं तो काढून घेतला.

तेवढ्यात तिची आई आत आली. मला वाटलं, आता ती मला बोलणार. पण ती जवळ बसली आणि तिनं विचारलं, "पोरी, तुमच्या त्या गोष्टीत तो वर येतो का गं?"

"गोष्ट पूर्ण नाही झाली, मावशी."

"मग काढा की त्याला वर. तुमच्याच हातात हाय न्हवं ते?"

मैत्रीण उठून बाहेर निघून गेली.

पण आईनं सांगितलेलं तिनं डोक्यात घेतलं. कामावर परत आल्यावर ती जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात बसून तेवढं एकच पान काढायची, फाडायची, परत काढायची. बसमध्ये आमचं बोलणं संपलं होतं. मी एकदा एका नव्या सिनेमाचा विषय काढून बघितला, तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. दिवाळीच्या सुमारास ते पान झालं. तळ्याच्या कडेला, उन्हात, अंग पुसून बसलेला माणूस. या वेळी तोंड काढलेलं. भावाच्या फोटोवरनं काढलं होतं, चूक कुठंच नव्हती. आम्ही दोघी ते घेऊन खुटबावला गेलो.

आईनं चष्मा लावला. पान उजेडात धरलं. बराच वेळ बघून तिनं ते मैत्रिणीच्या मांडीवर परत ठेवलं.

"ह्यो आपला न्हाई," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

त्यानंतर मैत्रिणीनं चित्र काढल्याचं मला माहीत नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती शिरूरला गेली. नोकरी सोडली. मी लिहीत राहिले, पण वाचून "भूत लई बोलतं" म्हणणारं कुणी उरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडं शिरूरला गेले. घरी ती आणि सासू. दुपारी सासू झोपल्यावर तिनं स्वतःहून टीव्हीवर एक भुताचा सिनेमा लावला. आवाज अगदी बारीक ठेवला. मी हळूच म्हटलं, "किती टुकार आहे हा." ती म्हणाली, "कॅमेरा बघ ना कुठं लावलाय. भूत यायच्या आधीच कळतंय." मग आम्ही दोघी एकेका दृश्यावरून बोलत सुटलो, अगदी बसमध्ये बोलायचो तशा. ती दोनदा हसलीसुद्धा. पडद्यावरची बाई विहिरीकडं चालायला लागली तेव्हा तिनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "तुझी गाडी चुकेल."

एसटी न्हावऱ्यापर्यंत आली असेल, तेव्हा तिचा मेसेज आला. "तू घरी जाऊन उरलेला बघशील. मला शेवट सांगू नको."

मी बघितला नाही. अजून नाही.