‘स्टेप’ कुठून आला आणि आम्ही कुठे जाणार

माणूस देश सोडतो तेव्हा आपले शब्द बरोबर घेऊन जातो, असं म्हणतात. मी पुणं सोडलं तेव्हा विमानतळाच्या काट्यावर बॅग जड भरली आणि सगळ्यात आधी रशियन शब्दकोश बाहेर आले. गोडा मसाला राहिला. तो आईने दाबून बसवला होता. शब्दकोश पिशवीत भरत बाबा म्हणाले, “रशियन शिकून जपानला! भूगोलाच्या मास्तरची मुलगी तू, नकाशा तरी बघायचास.”

तेव्हा मी नुसती अमितची बायको म्हणून निघाले होते. ऑफिस त्याचं, व्हिसाही त्याच्यामुळे. आता त्सुकुबाच्या विद्यापीठात मला स्वतःची खुर्ची आहे. कंत्राटी, चाकांची. तिथे स्लाव्ह भाषांचा एक व्युत्पत्तिकोश चाललाय. माझ्या वाट्याच्या शब्दांतला सगळ्यात हट्टी म्हणजे ‘स्टेप’. शाळेत ‘गवताळ प्रदेश’ लिहून आपण मार्क घेतले, तोच. तो आला कुठून यावर विद्वानांचं जमत नाही. कोणी म्हणतं, तुडवलेली जमीन. कोणी म्हणतं, झाडं तोडून मोकळी केलेली. आणखी कोणी म्हणतं, शब्द मुळात स्लाव्ह नाहीच, इराणी शेजाऱ्यांकडून आलेला. तळटीपा सगळ्यांकडे भरपूर, पुरावा बेताचा.

मी ‘उगम अनिश्चित’ असं लिहिलं आणि माझी झोप उडाली. अमितचं प्रोजेक्ट मार्चमध्ये संपत होतं, कंपनी त्याला पुण्याला बोलावत होती. माझा करार वाढला तरच इथे राहायचं, असं आमचं ठरलं होतं. आणि करार वाढवणाऱ्यांपुढे मी वर्षभराच्या मेहनतीचं फळ म्हणून ‘माहीत नाही’ ठेवणार होते. आमची तिसरीतली रेवा रोज जपानीत विचारायची, पुण्याच्या शाळेत इथल्यासारखे वर्गात घालायचे बूट वेगळे असतात का.

“इराणी म्हणून टाक गं,” बाबा फोनवर म्हणाले. “कोण बघायला जातंय?”

“बाबा, तुम्ही मुलांना असं शिकवलंत?”

“माझी नोकरी कायम होती.”

बैठकीला मी सगळ्या मतांवरची उत्तरं पाठ करून गेले. एकही प्रश्न आला नाही. आमच्या प्रमुख मोरिता-सान आधीच एकेकाच्या खोलीत चहा पिऊन सगळं ठरवून आल्या होत्या. इथे बैठकीत काही ठरत नाही. ठरलेलं ऐकायला लोक सूट घालून येतात. आम्ही राहतो त्या इचिकावातल्या, इथल्या ऑफिसांत मुरलेल्या मैत्रिणींना हे ठाऊक होतं. मला आधी सांगावं, असं एकीलाही वाटलं नाही. चर्चा झाली ती ‘अनिश्चित’नंतर पूर्णविराम द्यावा का, एवढ्यावरच. करार एका वर्षाने वाढला.

पुण्याहून कोणी विचारतं, आता घर कुठलं? पूर्वी मी काहीतरी भारदस्त सांगायचे. या हिवाळ्यात कळलं, जिथून जावं लागेल अशी धास्ती वाटते, ते घर. हा अर्थ मी सध्या धरून चालले आहे.

तो पुढच्या एकतीस मार्चपर्यंत वैध आहे.